आडव्या आठाच्या अलीकडे

वडील गेल्यावर त्यांच्या कपाटात एक चिठ्ठी सापडली. पाठकोऱ्या कागदावर दोनच ओळी: कॅमेरा मोठ्याला. लेन्स धाकटीला. आशीर्वाद नाही, उपदेश नाही. खाली सही मात्र होती, आलेलं टपाल घेताना करावी तशी.

दादा चिठ्ठी वाचून हसला होता. गाडी मला आणि चाकं तुला, म्हणाला, वाटणी करावी तर बाबांनीच. धाकटी हसली नाही. तिला त्या दोन ओळींत दादाला न दिसलेलं काही दिसलं होतं. बाबा जन्मभर सांगत आले होते की बॉडी म्हणजे नुसता डबा, अंधार कोंडून ठेवायला; फोटो काढते ती लेन्स. त्या न्यायाने दादाला डबा मिळाला होता आणि फोटो तिला. ज्या माणसाने चोवीस वर्षं आपल्याला कॅमेऱ्याच्या आसपास फिरकू दिलं नाही, त्याने जाता जाता हे लिहून ठेवलं, म्हणजे मनातून माफ केलं असणार. तोंडाने नाही केलं, पण त्यांनी तोंडाने केलं होतं तरी काय कधी? हे तिने मनात इतक्यांदा घोळवलं की ते तिला पाठ झालं, आणि पाठ झालेली गोष्ट खरी वाटायला लागते.

माफी कशाची, तर एका आकड्याची.

बाबांचा डोळ्यावर विश्वास नव्हता. डोळा फसतो, फीत फसत नाही, असं त्यांचं म्हणणं. इतर फोटोग्राफर कॅमेऱ्यात बघून कडी फिरवत आणि चेहरा स्वच्छ दिसला की खटका दाबत. बाबा मोजायचे. मापाच्या फितीचं टोक कॅमेऱ्याशी त्यांच्या हातात, डबी धाकटीच्या हातात. ती चालत जायची, समोरच्याच्या नाकाशी थांबायची आणि आकडा मोठ्याने सांगायची. तो आकडा बाबा लेन्सच्या कडीवर लावायचे. फीत नाकाला लागली की लोक शिंकायचे, हसायचे, आणि बाबा नेमके त्या हसण्यावर खटका दाबायचे. नवव्या वर्षापासून सतराव्यापर्यंत तिने असंख्य नाकं मोजली. दादा दोन वर्षांनी मोठा, पण त्याच्याकडे हमाली: पिशवी, तिपाई, दिव्यांच्या तारा. बाबांना गावभर लोक फितीवाले म्हणत, आणि ती फितीवाल्यांची फीत.

मग बटणांचा कारखाना बंद झाला. शेवटच्या दिवशी सगळ्या कामगारांचा एकत्र फोटो हवा होता. त्रेचाळीस माणसं, आत शेडमध्येच, यंत्रांच्या मधोमध, उजेड जेमतेम. धाकटी मधल्या रांगेतल्या फोरमनच्या नाकापर्यंत गेली आणि म्हणाली, अठरा फूट. बाबांनी अठरा लावलं. फोटो धुऊन आले तेव्हा मागच्या भिंतीवरच्या घड्याळाचे काटे लख्ख होते, दहा वाजून वीस मिनिटं, आणि त्रेचाळीस चेहऱ्यांवरून कुणी ओलं फडकं फिरवल्यासारखं झालेलं. माणसं जवळ होती, आकडा तू लांबचा सांगितलास, एवढंच बाबा म्हणाले. कारखान्याला कुलूप लागलं होतं, पुन्हा मोजणार कोण? ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तिच्या हातातली फीत काढून दादाच्या हातात दिली आणि जेवायला बसले. आई मधे पडायला गेली, तर तिला म्हणाले, वाढ.

दोन महिन्यांनी एका कामगाराची बायको आली. तिचा नवरा वारला होता आणि दुसरा फोटो नव्हता. बाबा घरी नव्हते; दार धाकटीने उघडलं. तो पुसट चेहरा तिनेच पाकिटात घालून त्या बाईला दिला.

पुढे ती छापखान्यात मुद्रितं तपासायला लागली. आकडा दिसला की तीनदा वाचायचा, ही तिची सवय तिथे गुण ठरली. वरिष्ठ कौतुक करायचे. तिला ते कौतुक कधी अंगाला लागलं नाही.

तर आता वाट्याला आलेल्या चार लेन्सना साजेशी बॉडी घ्यायची होती. दादाकडची मागायची नाही, हे तिने पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. त्याने ती बैठकीच्या खोलीत काचेच्या कपाटात मांडली होती. बोळक्या म्हातारीसारखी दिसते, एखादी लेन्स दे ना शोभेपुरती, असं तो दोनदा म्हणाला होता, आणि दोन्ही वेळा तिने विषय बदलला होता.

जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान एका अरुंद जिन्याने वर होतं. खिडकीपाशी लांब टेबल, त्यावर हिरवं कापड, बाटल्यांच्या झाकणांत वेगवेगळ्या जातीचे स्क्रू. दुरुस्ती करणारे गृहस्थ सत्तरीचे, कपाळावर भिंगाची पट्टी चढवलेली, जणू तिसरा डोळा सुट्टीवर आहे. धाकटीने चारही लेन्स कापडावर मांडल्या. त्यांनी एकेक उचलली, उजेडाकडे धरली, मागून पुढून पाहिली. काच उत्तम, म्हणाले, वापरणारा माणूस नेटका दिसतो.

मग त्यांनी तिच्यासमोर तीन बॉडी ठेवल्या. सगळ्यात नवी आणि हलकी जी होती ती त्यांनी स्वतःच बाजूला केली. या जुन्या लेन्सच्या कडीवर एक पितळी शिंग आहे. बॉडीच्या तोंडाशी असलेली छोटी खुंटी वर उचलता येत असेल तरच लेन्स बसते, नाहीतर जोर लावला की खुंटी मोडते. जावई उंच आणि चौकट बुटकी, म्हणाले, कपाळमोक्ष ठरलेला. राहिल्या दोन. एक जड, काळी, बॅटरीशिवाय चालणारी, बाबांची होती अगदी तीच जात. दुसरी किंचित लहान, आत प्रकाश दाखवणारा काटा, आणि बघायची खिडकी ऐसपैस.

धाकटीचा हात न विचारता पहिलीवर गेला.

चष्मा असणाऱ्याने दुसरी घ्यावी, पहिलीत तुम्हाला कोपरे दिसायचे नाहीत, असं ते सांगत होते. पण तिने पन्नास मिलिमीटरची लेन्स पहिलीवर चढवली आणि खिडकीबाहेर धरली. रस्त्याच्या टोकाला पाण्याची टाकी होती, तिच्यावर काळ्या रंगात मोठा आकडा रंगवलेला. तिने कडी फिरवली, पार शेवटपर्यंत, जिथे आडवा आठ कोरलेला असतो. म्हणजे याच्या पुढे सगळं स्पष्ट, अगदी क्षितिजापर्यंत. कडी अडली. टाकीवरचा आकडा पुसटच राहिला.

तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग त्यांनी पाहिलं. दुसऱ्या बॉडीवर लावून पाहिली, तरी तेच. मग बाकीच्या तीन लेन्स. प्रत्येक कडी आडव्या आठाला जाऊन अडायची आणि दूरचं काही त्या आठापर्यंत पोचायचं नाही.

"एक लेन्स बिघडते, दोन बिघडतात," ते म्हणाले. "चार एकाच मापाने बिघडत नाहीत. हे कुणीतरी केलेलं आहे."

त्यांनी कपाळावरचं भिंग डोळ्यावर ओढलं आणि पन्नासची लेन्स मागून उघडली. आत तांब्याची एक पातळ चकती निघाली, सिगारेटच्या कागदाएवढ्या जाडीची. ती लेन्सला तिच्या मूळ जागेपासून तेवढीच पुढे ढकलत होती. त्यांनी चकती चिमट्यात धरली, मग लेन्सच्या आतल्या कडेवर पेन्सिलने लिहिलेलं काही वाचलं. जी वस्तू उघडायची तिच्या पोटात तारीख टाकायची, ही कारागिरांची रीत. पुढच्या माणसाला कळावं की आधी कोण येऊन गेलं.

"अक्षर माझंच आहे," ते म्हणाले. मग तिच्याकडे नीट पाहून, "तू फितीवाल्यांची मुलगी का गं?"

तारीख वीस होती. धाकटीने ती तीनदा वाचली. कारखान्याचा फोटो अकराचा. महिना तोच, वर्ष तेच.

त्यांना सगळं आठवत होतं, कारण असलं काम त्यांनी आयुष्यात एकदाच केलं होतं. फितीवाले चारही लेन्स आणि कॅमेरा घेऊन आले होते. कॅमेरा पडून त्याचं तोंड, जिथे लेन्स बसते ती गोल पट्टी, एका बाजूने वाकली होती. फितीवाल्यांनी ती घरीच काचेवर पॉलिशपेपर ठेवून घासून सपाट केली होती. सपाट झाली, पण घासताना झिजली, आणि लेन्स कागदभर आत बसायला लागली. कडीवर अठरा लावलं तर कॅमेरा बघणार चोवीस-पंचवीसला. यांनी सांगितलं होतं की पट्टी बदला, नवी यायला दोन महिने लागतील. फितीवाल्यांना दोन महिने थांबायचं नव्हतं. म्हणाले, मग लेन्सच त्याच्या मापाच्या करा.

"मी म्हटलं, जोडा चावतो म्हणून पाय तासताय तुम्ही. तर म्हणाले, चारही तासा. नंतर बघू पट्टीचं."

"आणखी काही म्हणाले?"

ते भिंगाची पट्टी पुन्हा कपाळावर सरकवत म्हणाले, "विचारलं होतं, पडल्यापासून काढलेल्या फोटोंत फरक पडला असेल का. मी म्हटलं, पडणारच, मापून काढत असाल तर सगळ्यांत नेम माणसांच्या मागे गेला असणार. त्यावर उठलेच. चहा मागवला होता, तसाच ठेवून गेले."

म्हणजे आकडा बरोबर होता. अठरा म्हणजे अठराच. धाकटीला वाटलं होतं, असं काही कधी कळलं तर आपण रडू, किंवा हलकं वाटेल. तसलं काही झालं नाही. नऊ दिवस, एवढंच डोक्यात आलं. नऊ दिवस त्यांना ठाऊक नव्हतं. उरलेली सगळी वर्षं ठाऊक होतं. ती बाई फोटो मागायला आली तेव्हाही ठाऊक होतं.

कॅमेरा पडला कसा, ते तिने विचारलं. मुलाच्या हातून, असं काहीसं फितीवाले म्हणाले होते.

ती जिन्यात आली आणि तिथेच उभं राहून तिने फोन लावला. दादाकडे टीव्ही चालू होता.

"दादा, बाबांचा कॅमेरा तुझ्या हातून पडला होता?"

टीव्हीचा आवाज कमी झाला. "कधीच्या गोष्टी काढतेस."

"कारखान्याच्या आधी, का नंतर?"

"आधी. चार-पाच दिवस." मग घाईने, "अगं, मला काय कळत होतं तेव्हा? बाबा म्हणाले, घरात बोलायचं नाही. नंतर लेन्स नीट करून आणल्या तेव्हा मी म्हटलं होतं त्यांना, धाकटीला सांगू या का. खरंच म्हटलं होतं."

"मग?"

"म्हणाले, ती विसरली असेल आता."

जिन्याच्या भिंतीवर कुणीतरी हात पुसत पुसत वर गेल्यासारखा काळपट पट्टा होता. धाकटी त्याच्याकडे बघत राहिली. दादाला शांतता कधी सोसली नाही. तो बोलत सुटला. चोवीस वर्षं झाली, बाबाही गेले, आणि शेवटी लेन्स तुलाच दिल्या ना त्यांनी, मनात काही असल्याशिवाय देतील का? मग आवाज जरा खाली आणून म्हणाला, "तू कॅमेराही घेऊन जा. खरंच. त्या लेन्स त्याच्यावरच बसतात नीट. जोडी होईल."

हे त्यालाही माहीत होतं तर. ती म्हणाली, कळवते, आणि फोन ठेवला.

जिना चढताना तिने बाबांच्या बाजूने विचार करून पाहिला, कारण ती सवय घरातल्या सगळ्यांनाच होती. असेल, माफी असेल. पण केलेली नाही, मागितलेली, आणि ती त्यांनी अशा जागी लपवली होती जिथे स्क्रू काढल्याशिवाय हात पोचत नाही. तिने लेन्स आठवण म्हणून कपाटात ठेवल्या असत्या, तर मरेपर्यंत तिचा आकडा चुकलेलाच राहिला असता. आणि तिने त्या कपाटात ठेवाव्यात, एवढंच कदाचित त्यांच्या मनात असेल. विचारायला आता कुणी नव्हतं, आणि होतं तेव्हा विचारायची कुणाची टाप नव्हती.

वर दुरुस्तीवाल्या काकांनी मधल्या वेळात बाकीच्या तीन लेन्सही उघडल्या होत्या. प्रत्येकीत एक चकती, प्रत्येकीत तीच तारीख. ते म्हणाले, तुमचा तो जुना कॅमेरा मिळाला तर याला हात लावायची गरज नाही, जसंच्या तसं जुळेल. कुठे आहे तो?

"आहे भावाकडे. पण चकत्या काढा."

"चारही?"

"चारही."

"बघ हं," ते म्हणाले. "मग फितीवाल्यांच्या कॅमेऱ्यावर या पुन्हा बरोबर बसायच्या नाहीत."

"नको बसायला."

त्यांनी मान हलवली आणि कामाला लागले. चकत्या एका झाकणात पडत गेल्या. पडताना आवाजसुद्धा होत नव्हता इतक्या त्या पातळ होत्या. काम होईपर्यंत धाकटीने जड काळी बॉडी मागे सारली आणि दुसरी उचलली. नुसतीच, लेन्सशिवाय, डोळ्याला लावून पाहिली. चष्म्यातूनही चारही कोपरे दिसत होते.

लेन्स बंद करण्याआधी काकांनी रीतीप्रमाणे चारहींत आजची तारीख घातली आणि चकत्याच निघाल्या म्हणून जुनी पुसायला खोडरबर शोधू लागले.

"ती राहू द्या," धाकटी म्हणाली.