नाल्यावरच्या फांदीला राहिलेला चिमटा

मित्रांनो, हसू नका, पण मी साधा लोखंडी चिमटा आहे. वय झाले आहे, एका जबड्याला गंजही चढला आहे. आपली कहाणी सांगताना चार चांगल्या गोष्टी सांगाव्यात, अशी रीत आहे. माझ्याजवळ त्या आहेत. पण एक गोष्ट अशी आहे, की ती आठवली की मान वर करवत नाही. आज तीही सांगतो.

माझे लोखंड सूरजागडच्या डोंगरातले की आणखी कुठले, देव जाणे. मला आठवतो तो वरोऱ्यातल्या सादिकभाऊंचा फोटो स्टुडिओ. तिथे मी मागचा निळा पडदा धरून ठेवत असे. पासपोर्टचे फोटो, बारशाचे फोटो, नव्या जोडप्यांचे लाजरे फोटो, सगळे माझ्या पडद्यापुढे निघाले. पंखा कितीही फरफरला तरी मी पडदा सुटू दिला नाही. सादिकभाऊ गिऱ्हाइकांना सांगत, "हा चिमटा घोरपडीवानी हाय. धरलं का सोडत नाई!" ते ऐकून मी नुसता फुगून जाई.

पुढे सादिकभाऊंना पाखरांचा नाद लागला. लग्नाच्या कामातून सवड मिळाली की ते जंगलाकडे पळत आणि मलाही पिशवीत टाकत. तिकडे गिरजाबाई नावाची एक म्हातारी नाल्याकाठी शेळ्या चारायची. कोणत्या झाडावर कोणाचे घरटे, हे तिला तोंडपाठ. एकदा तिने जांभळीच्या खालच्या फांदीवर वाटीएवढे घरटे दाखवले. स्वर्गीय नर्तक नावाच्या पाखराची तीन पिल्ले होती त्यात. बाप पांढराशुभ्र, शेपूट फितीसारखे लांब.

"दुरूनच फोटो काढजा, भाऊ," गिरजाबाई म्हणाली. "फांदीले हात नका लावू."

"नाई लावत, बाई," सादिकभाऊ म्हणाले. बाई शेळ्या घेऊन पुढे गेली.

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत कडक नऊ दिवस, सुरू होता. चंद्रपूरकडचे ऊन तुम्हाला काय सांगावे! सकाळचे अकरा वाजले तर दगड हाती धरवत नव्हता. पानांमधून उन्हाचे कवडसे घरट्यावर पडत होते. पाखरू कवडशात आले की फोटोत नुसता पांढरा डाग, सावलीत गेले की चेहरा काळा. तासभर खटपट करून सादिकभाऊ वैतागले. "बस, पाच मिनट," ते पुटपुटले. घरट्यावर झुकलेली पानांची फांदी त्यांनी मागे ओढली, शेजारच्या फांदीला लावली आणि दोन्ही मिळून माझ्या जबड्यात दिल्या. घरट्यावर सगळीकडे सारखे ऊन आले.

पिल्लांनी चोची वासल्या. बाप घास घेऊन आला होता. तो घरट्याच्या काठावर बसला आणि त्याने दोन्ही पंख पसरून पिल्लांवर धरले.

"वा, क्या बात है!" सादिकभाऊंनी भराभर फोटो काढले. आता मला काढतील, असे मला वाटले. तेवढ्यात फोन वाजला. वरात निघाली होती आणि फोटोवाल्याचा पत्ता नाही म्हणून नवरीचा भाऊ ओरडत होता. सादिकभाऊंनी घाईघाईने कॅमेऱ्याची तिपाई आवरली, गाडीला किक मारली आणि ते गेले. मी फांदीवरच राहिलो.

मित्रांनो, मी सुटायला हवे होते. पण ज्या पकडीचा मी जन्मभर तोरा मिरवला, ती मला ढिली करता येईना. दुपारभर आईबाप पाळीपाळीने पंख पसरून उभे राहिले. धाप लागून त्यांच्या चोची उघड्या पडल्या. पानांचे काम ते पंखांनी करत होते, आणि त्यांचे पंख ते केवढेसे! दुसऱ्या दिवशी दुपारी तिसऱ्या पिल्लाचीही मान कलंडली. आई तरीही संध्याकाळपर्यंत घास आणत राहिली.

तिसऱ्या दिवशी गिरजाबाई आली. "अवं माय!" तिने मला काढले. फांदी सपकन जागेवर आली आणि घरट्यावर पुन्हा सावली पडली. बाईने मला पदराच्या गाठीत बांधले आणि लुगडे बदलले तरी नव्या पदरात ठेवले.

महिन्याभराने सादिकभाऊ चौकटीतला मोठा फोटो घेऊन हसत हसत तिच्या दारी आले. चंद्रपूरच्या प्रदर्शनात त्याला पहिले बक्षीस मिळाले होते. फोटोचे नाव होते 'बापाची माया'.

"बाई, तुमच्यामुळं पयला नंबर आला. हा तुमच्यासाठी."

बाईने फोटो बराच वेळ न्याहाळला. "यानं पंख काऊन पसरले, भाऊ?"

"माया हाय न बाई, लेकरायवर."

"ऊन लागत होतं लेकरायले." तिने पदराची गाठ सोडली आणि मला त्यांच्या तळहातावर ठेवले. "तुमची वस्तू राह्यली होती. तिन्ही मेले."

"मले वाटलं, पाच मिनटच..." सादिकभाऊ दाराच्या पायरीवरच बसले. बाईने त्यांना पाणी दिले, पण फोटो काही घेतला नाही.

स्टुडिओतही तोच फोटो दर्शनी भिंतीवर लावला होता. तो उतरवून सादिकभाऊंनी त्या खिळ्याला मला अडकवले. कोणी विचारते, "पयल्या नंबरचा फोटो कुठी गेला?" सादिकभाऊ खाली बघत सांगतात, "तीन पिल्लं मेली त्या फोटोपायी. माझ्या हातानं." दरवेळी सांगतात, आणि दरवेळी मला वाटते, आणखी कोणी आत येऊ नये.

मित्रांनो, पाखराच्या तोंडावर पानांची सावली आली तर येऊ द्या. फोटो बिघडला तर बिघडू द्या. आणि कुठूनही निघताना एकदा मागे वळून बघा. मला उघडायला दोनच बोटे लागतात, पण ती तुमचीच लागतात.