बोटाखाली वाजणारी काच

एकतीस वर्षं मी प्रयोगशाळेतली काच धुतेय. शाळा चौथीतच सुटली, पण माझ्या हातची बाटली उजेडात धरा, एक डाग दिसला तर सांगा. धुऊन झाली की शेवटी आतल्या कडेवरून ओलं बोट फिरवायचं. करकर वाजली की स्वच्छ. हे मला कुणी शिकवलेलं नाही.

माझी लेक तिथेच संशोधन करते. पृथ्वीवर गवताचं पातंही नव्हतं, तेव्हा जीव आला कुठून, हा तिचा प्रश्न. पाणी आणि दोन-चार वायू बाटलीत कोंडायचे, वर विजेची ठिणगी पाडायची आणि त्यातून जिवाचा कच्चा माल तयार होतो का ते बघायचं. चार वर्षं झाली. बघून बघून माझेच डोळे शिणले.

गेल्या महिन्यात माल सापडला. पण सोबत एक कोरी बाटली ठेवतात, नुसत्या पाण्याची. तिच्यात काही सापडता कामा नये. ती काल दुपारी तपासली, तर तिच्यातही तेच.

लेक माझ्या मोरीशी येऊन स्टुलावर बसली. "आई, तपासणीचं मशीन खोटं बोलतंय. सगळं खोलून बघायला हवं. वर्ष जाईल."

"मशीन कशाला खोटं बोलेल? त्याला काय बढती हवीय?"

ती हसली नाही. "नाहीतर बाहेरून काही शिरतंय. बोटाच्या घामातही हाच माल असतो, एक ठसासुद्धा पुरतो गं. पण धुणारी तू, तिथे मला बघायलाच नको."

माझं बोट तेव्हा बाटलीतच होतं.

गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? पण पोरीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसली आणि मी बोट फिरवलं. काच करकरली.

"प्रत्येक बाटलीत?" तिने विचारलं.

"प्रत्येक."

"हातमोजे दिलेत ना तुला?"

"त्यातून वाजत नाही."

तिने कपाळ मोरीच्या कट्ट्यावर टेकवलं. तिथूनच म्हणाली, "म्हणजे माझ्या बाटलीत जे सापडलं, ते तुझं."

"तू तरी कुणाची आहेस?"

हसायचं त्राण दोघींतही नव्हतं.

आज सकाळी हातमोजे चढवले आणि साठच्या साठ बाटल्या पुन्हा धुवायला घेतल्या. बोटाला काही कळत नाही. एकेक बाटली लेकीपुढे धरते आणि विचारते, "बघ गं, झाली का?"