दुसरं मीटर

मे महिन्यात आमच्या घरी दोनशे ऐंशी युनिटचं बिल आलं, तेव्हा मी ते तीनदा वाचलं. पहिल्यांदा रागानं, दुसऱ्यांदा चष्मा पुसून आणि तिसऱ्यांदा उन्हात नेऊन. मी एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होतो. कागदावरच्या बारीक आकड्यांना मी घाबरत नाही, त्यांनीच मला घाबरावं अशी माझी समजूत. घरातल्या माणसांबद्दलही माझी तीच समजूत होती, हे मला फार उशिरा कळलं.

मेडशीत आमचं घर रस्त्याला लागून आहे. मागं स्वयंपाकघर, मधे मोठी खोली आणि बाजूला एक खोली, जिला मधल्या खोलीतून एक दार आहे आणि रस्त्याकडून वेगळं दार आहे. त्या खोलीत आधी सोयाबीनची पोती असायची. पवनचं लग्न झाल्यावर पोती हलवली आणि तो आणि सून निकिता तिथं राहायला लागले. पवन मालेगावला कृषी केंद्रात कामाला आहे, सकाळी सातच्या गाडीनं जातो. निकिता घरी ब्लाऊज शिवते. माझी बायको मनकर्णा आणि मी, अशी एकूण चार माणसं. चार माणसांना दोनशे ऐंशी युनिट लागतात कशाला, हा माझा प्रश्न होता.

मी रीतसर तपास लावला. एका सकाळी घरातलं एकूण एक बटण बंद केलं आणि मीटरपुढं जाऊन उभा राहिलो. मीटरचा लाल दिवा तरी लुकलुकत होता. म्हणजे सगळे झोपले होते आणि कोणीतरी खात होतं. शेवटी सापडलं, टीव्हीखालचा सेट-टॉपचा डबा. त्याला बटणच नव्हतं, थेट जोडलेला होता, रात्रंदिवस चालू. त्याचं खाणं थोडंसंच होतं, पण मला फार आनंद झाला. चोर लहान असला तरी पकडल्याचं समाधान असतं.

मग मी बाकीच्यांकडं वळलो. हजार वॅटची वस्तू तासभर चालली की एक युनिट, एवढं डोक्यात बसलं की पुढचं सोपं आहे. कूलर रोजचे अडीच युनिट खायचा. जुने पंखे पंचाहत्तर वॅटचे होते, ते काढून तीस वॅटचे लावले. फ्रीजच्या दारात मी बिलाचाच कागद धरला, दार लावलं आणि कागद ओढला. तो सरळ बाहेर आला. म्हणजे दाराचं रबर गेलेलं, थंडी बाहेर चाललेली. रबर बदललं. जूनचं बिल एकशे नव्वदवर आलं आणि मी ते बिल मनकर्णाच्या हातात असं दिलं, जसं काही मीच छापून आणलं.

पण माझं समाधान होईना. मी घरात फिरायला लागलो. निकिताच्या दारात उभा राहून मी फक्त एक शब्द बोलायचो, "निकिता, पंखा." ती पाणी प्यायला मधल्या खोलीत आली असेल, तेवढ्यात तिकडं पंखा फिरत असायचा. मनकर्णाला म्हणायचो, "लाईट." पवन मोबाईल चार्जिंगला लावून अंघोळीला गेला की मी चार्जर काढून ठेवायचो. काही दिवसांनी माझी चप्पल वाजली की आतून बटणांचा टकटक आवाज यायचा. मला वाटायचं, घराला शिस्त लागली. इतका मूर्ख माणूस एसटीला एकतीस वर्षं कसा चालला, देव जाणे.

जुलैत बिल एकशे सत्तरवर अडलं. खाली येईना. तेव्हा बसस्टँडवर बबनराव भेटला. तो वायरिंगची कामं करतो, सगळ्या गावाची वायर त्याला पाठ आहे.

"जगदेवभाऊ, कायले जीव काढून राह्यले?" तो म्हणाला. "शंभराच्या आत एक भाव, शंभराच्या वर दुपटीहून जास्त. पह्यले शंभर स्वस्तातच राहतेत, वरचे सत्तर तुमाले मारून राह्यले. दोन मीटर करा. दोन्ही शंभराच्या आत. खेल खतम."

"दुसरं मीटर देतेत काय एका घरात?"

"एका घरात नाई देत. दोन घरं पाह्यजे. येगळं दार, येगळं राशन कार्ड, येगळी चूल. दार तं तुमचं हायेच."

घरी येईपर्यंत मी सगळा हिशेब मांडून टाकला होता. रात्री जेवताना चौघांपुढं ठेवला. पवन म्हणाला, बरं. मनकर्णाचा घास हातातच राहिला.

"चूल येगळी म्हनून लिहून देनार?" तिनं विचारलं.

"कागदावर वं. कागदावरची चूल. जेवायचं इथंच."

"कागदावर बी कायले? मले नाई आवडत."

मी हसलो. तुझ्या डोक्यात अजून जुनं बसलंय, वगैरे काय काय बोललो. आमच्यात वेगळं निघण्याचा विषय कधी झाला नव्हता. भांडण नव्हतं, वाटणी नव्हती, सासू-सुनेत आवाज चढत नव्हता. ते घर एक राहावं यापलीकडं मनकर्णाला काही नको होतं आणि मला तर ते एकच आहे याची इतकी खात्री होती, की ते मोडल्याचं लिहून द्यायला मला भीतीच वाटली नाही. तहसीलमधे जाऊन पवनचं आणि निकिताचं नाव आमच्या राशन कार्डातून काढलं आणि त्यांचं वेगळं कार्ड केलं. अर्ज मीच लिहिला. मुलगा विभक्त राहतो, त्याचा स्वयंपाक स्वतंत्र आहे.

ऑगस्टमधे मीटर बसलं. बसवणारा पोरगा जाताना सांगून गेला, "साहेब येतीन पाहायले. कवा येतीन सांगता येत नाई. चूल दिसली पाह्यजे बरं."

दुसऱ्या दिवशी मी दोन शेगड्यांचा गॅस आणून त्यांच्या खोलीत ठेवला. नुसता ठेवून भागेना. कोरा करकरीत गॅस पाहून लहान पोरही हसलं असतं. मी निकिताला म्हणालो, "मीठ-तिखटाचे डबे ठेव. साहेब लोक झाकन उघडून पाहतेत." तिनं डबे ठेवले. मी म्हणालो, "तेल सांडू दे थोडं. वापरातली दिसली पाह्यजे." ती हसली. "मामाजी, तेल सांडू म्हनता, उद्या म्हनान पुसलं काहून नाई." आम्ही सगळेच हसलो, मनकर्णासुद्धा. त्या महिन्यातलं आमचं ते शेवटचं एकत्र हसणं असावं. पण असं नंतर जुळवता येतं, त्या वेळी काही कळत नाही.

वापरातली दिसावी म्हणून निकिता सकाळचा चहा तिथं करायला लागली. मीच सांगितलं होतं. मग पवनचा डबा तिथंच होऊ लागला, कारण सातच्या गाडीची घाई आणि चहा ठेवलेलाच असतो, तर बाजूला पोळ्याही होतात. मला ते बरं वाटलं. साहेब सकाळी आले तर तव्यावर पोळी सापडेल. रोज सकाळी मी रस्त्याकडं पाहायचो आणि साहेब यायचे नाहीत.

सप्टेंबरची बिलं आली. आमचं एकाहत्तर, त्यांचं चौऱ्याऐंशी. मी दोन्ही बिलं शेजारी ठेवून पाहत बसलो. दाखवायला कोणी नव्हतं. मनकर्णा वावरात गेलेली, निकिताचं दार लोटलेलं, आतून मशीनचा आवाज. मी दार ढकललं नाही. त्या खोलीतलं बटण आता माझ्या मीटरवर नव्हतं, त्यामुळं तिथं जाऊन बोलण्यासारखं माझ्याकडं काही उरलंच नव्हतं.

दिवाळीनंतर मनकर्णा आठ दिवस जऊळक्याला बहिणीकडं गेली. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. त्या आठ दिवसांत रात्रीचा स्वयंपाकही तिकडंच झाला. निकिता माझं ताट झाकून आणून द्यायची. ताट चांगलं असायचं, भाजी गरम असायची, त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. "इथंच बसा ना मामाजी," असं ती एकदा म्हणाली. मी म्हणालो, बातम्या लागल्या आहेत. खरं तर टीव्ही बंद होता.

मनकर्णा परत आली त्या संध्याकाळी तिनं चौघांचा स्वयंपाक केला. आंबाडीची भाजी, भाकरी, ठेचा. मग मधल्या दारातून हाक मारली. पवन दारात आला. अंगात बनियन, हात ओला.

"आमचं झालं ना माय," तो म्हणाला. वाईट बोलला नाही, चिडून बोलला नाही. जेवण झालं होतं म्हणून झालं म्हणाला.

मनकर्णानं भाजीवर झाकण ठेवलं. दुसऱ्या दिवशी तिनं परत हाक मारली, तिसऱ्या दिवशीही मारली. चौथ्या दिवशी मारली नाही. त्या दिवशी मला वाईट वाटायला पाहिजे होतं. पण आत काही हाललं नाही. मी जेवून उठलो, हात धुतले आणि मीटर पाहून आलो. बेचाळीस झाले होते.

असे दोन-तीन महिने गेले. कोणी कोणाशी भांडलं नाही. निकिता सणाला पुरणपोळ्या आणून द्यायची, मनकर्णा तिला ताक पाठवायची. शेजारच्या घराशी माणूस जसा नीट वागतो तसं आम्ही नीट वागत होतो. मधलं दार तिकडून लावलेलं असायचं, तेही थंडीसाठी. थंडी गेली, दार लावलेलंच राहिलं. मनकर्णा त्या दाराकडं पाहायची आणि मला काहीच म्हणायची नाही. तिनं मला चार शब्द सुनावले असते तर मला उपकार वाटले असते.

एक दिवस मी निकिताला म्हणालो, "आता कोन साहेब येते. सहा महिने झाले. उचलून ठेव तो गॅस."

"येतीन ना मामाजी," ती म्हणाली. "कवाबी येतीन, तुमीच तं म्हनलं होतं."

ती टोमणा मारत नव्हती. हातातल्या ब्लाऊजला हुक लावत होती. मी तिथून निघालो.

त्या रात्री मनकर्णा अंधारात म्हणाली, "साहेब आले का त्याइले सांगून टाका. सारं खोटं हाय म्हनून. ते मीटर घेऊन जातीन."

"दंड करतीन."

"करू दे."

त्या दिवसापासून मी साहेबाची वाट वेगळ्या कारणानं पाहायला लागलो. आधी तो आला तर काय काय दाखवायचं ते ठरवत होतो. आता काय सांगायचं ते ठरवत होतो. मीटर गेलं की सगळं परत एका तारेवर येईल, एका तारेवर आलं की चूल मागं येईल, असं माझं गणित होतं. वाटेल तेवढं बिल भरायची माझी तयारी होती.

मार्चमधे एका रविवारी तो आला. तिशीचा पोरगा, हेल्मेट काखेत, हातात मोबाईल. पवन घरीच होता. साहेबानं रस्त्याकडच्या दारानं खोलीत पाऊल टाकलं, मी त्याच्या मागून. कितीतरी दिवसांनी मी त्या खोलीत शिरलो होतो. गॅसवरचा कुकर नुकताच उतरवलेला, ओट्यावर अर्धा कांदा, चाळणी, पिठाचा डबा, लोणच्याची बरणी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर सिलेंडर लावल्याची तारीख गोल करून ठेवलेली. मी सांगितलेलं तेल सांडलेलं होतं आणि पुसलेलंही होतं, पुन्हा सांडलं होतं. खाटेवर कोणी नव्हतं आणि वर पंखा फिरत होता.

"चांगलं हाय," साहेब फोटो काढत म्हणाला. "बरेच लोक मीटरसाठी नुसती चूल मांडून ठेवतेत काका. तुमी खरंच येगळे राहता ना?"

"नाई साहेब," मी म्हणालो. "आमी एकच हावो. हे दाखवाचं हाय. मीच मांडलं सारं. मीटर काढून न्या."

साहेबानं माझ्याकडं पाहिलं. मग कुकरकडं पाहिलं, त्यातून अजून वाफ येत होती. मग तो हसला. चांगला पोरगा होता, माझ्या खांद्यावर हात ठेवला त्यानं. "काका, पोरावर रागावले वाटते. राग असा काढू नये. त्याच्या घरचा लाईट जाईन ना." आणि पवनकडं वळून म्हणाला, "भाऊ, तुमी सांगा."

पवन चौकटीला टेकून उभा होता. तो माझ्याकडं पाहत नव्हता, खाली फरशीकडं पाहत होता. मला वाटलं, आता बोलेल. लहानपणी खोटं बोलताना तो असाच फरशीकडं पाहायचा.

"येगळेच हावो साहेब," तो म्हणाला. मग साहेबाला नाही, मला, हळू आवाजात, "असू द्या ना बाबा. इकडं कोनी बटन बंद करत नाई."

निकिता कांदा चिरत होती. तिचा हात थांबला नाही, फक्त सुरी हळू झाली. तिच्या बाजूनं मला राग यावा असं एकही काम तिनं कधी केलं नव्हतं. आणि पवन खोटं बोलला नव्हता. त्या खोलीत खोटं बोलणारा मी एकटाच होतो.

साहेबानं मोबाईल पुढं केला. मी बोटानं सही केली. तो हेल्मेट घालून निघून गेला. मी त्यांच्या दारानं बाहेर रस्त्यावर आलो, घराला वळसा घातला आणि आमच्या दारानं आत गेलो.

मनकर्णा स्वयंपाकघरात तूर निवडत बसली होती. तिनं मान वर केली.

"काय म्हने साहेब?"

"पास झालं," मी म्हणालो. "आता कोनी येत नाई पाहायले."