दुसऱ्या वर्गाची घटना

अख्ख्या संगीत महोत्सवात गाणं ऐकायला न मिळणारी एकच बाई होती, ती म्हणजे बारक्याची ताई. मंचामागच्या बंद खोलीत हेडफोन चढवून ती स्वयंसेवकांचा वायरलेस ऐकत बसायची. त्यात कुणी आगंतुक घुसून खोटा निरोप सोडला, की ती घटना कोणत्या वर्गातली हे तिनं ठरवायचं. तिसरा वर्ग म्हणजे टवाळखोरी, ऐकून सोडून द्यायची. दुसऱ्यात इशाऱ्याची शीळ वाजवून सगळ्यांना राखीव वाहिनीवर न्यायचं. पहिला म्हणजे जिवाशी खेळ: गाणं तिथल्या तिथं थांबवायचं आणि मंचावरच्या माइकवरून खरं काय ते सांगायचं. आता गाणं थांबलेलं कुणाला रुचतं? पाहुणे विमानाची तिकिटं काढून जुनं संगीत ऐकायला आलेले. पहिला वर्ग म्हटलं की पर्यटन खात्याचे साहेब लगेच खोलीत डोकवायचे.

"ताई, जरा जपून हं," ते म्हणायचे. "एकदा तोंड पोळलंय आपलं."

पोळलं होतं खरं. मागच्या वर्षी वायरलेसवर कुणीतरी "आग, आग" म्हणून ओरडलं आणि तिनं गाणं थांबवलं. आग कसली न् काय, कुणा टारगटाची मजा. पण मंचावर तेव्हा नेमका बारक्या ढोल वाजवत होता, तिचा धाकटा भाऊ. त्याचा पहिलाच मोठा कार्यक्रम, आणि सख्ख्या बहिणीनं तो मध्येच तोडला. घरी येऊन तो एवढंच म्हणाला, "परक्यानं केलं असतं तर चाललं असतं." मग वर्षभर अबोला. एका घरात राहून. जेवताना मीठ हवं असलं तरी आईमार्फत मागायचा.

यंदा त्याला पुन्हा बोलावलं, तेही समारोपाला. निघताना तो दारात घुटमळला.

"ताई, आज तेवढं वाजवू दे."

वर्षानंतर तो तिच्याशी बोलला होता. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

ऊन उतरत होतं. ढोलाची लय चढली, खोलीची काच थरथरू लागली. तेवढ्यात कानात एक अनोळखी आवाज आला, शांत आणि अगदी साहेबी. "नदीकडच्या स्वयंसेवकांनी लाकडी पूल उघडावा. पाहुण्यांना तिकडून सोडा."

पूल सकाळीच बंद केला होता, खालच्या तुळया कुजल्या होत्या. हा पहिला वर्ग, हे तिला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. बोट गाणं थांबवायच्या बटणापर्यंत गेलं आणि तिथंच थबकलं. पुन्हा टवाळखोरी निघाली तर? भाऊ जन्मात तोंड बघणार नाही. दगडापेक्षा वीट मऊ, तिनं दुसरा वर्ग दिला.

शीळ वाजली. सगळे राखीव वाहिनीवर आले, फक्त पुलावरचे दोघे नाहीत. निरोप त्यांनी ऐकला होता, पण आता ढोल टिपेला पोचलेला, त्यापुढे शीळ कुणाला ऐकू जाणार? तिनं त्यांना फोन लावले, तेही कुणी उचलेनात. एवढा तुकडा संपू दे, ती स्वतःशी म्हणाली, मग माइकवरून सांगते.

समोरच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर पुलाचं फाटक उघडलं. लोक रांगेनं, फोटो काढत आत शिरले. आता कुठं तिनं बटण दाबलं. गाणं थांबलं, ती माइकवर जीव तोडून ओरडलीही. वरातीमागून घोडं! पूल मधोमध खचला आणि माणसं पाण्यात गेली.

दार धाडकन उघडून बारक्या आत आला. घामानं निथळत होता, हातात अजून टिपऱ्या.

"यंदाही? ताई, यंदाही तूच?"

"उशीर केला रे मी," ती म्हणाली. "तुझ्यासाठी. तुझं वाजवून होऊ दे म्हणून थांबले."

त्याला काहीच कळेना. तिनं नुसतं पडद्याकडे बोट केलं. तो बघत राहिला. त्याचा राग कुठल्या कुठे गेला आणि चेहरा एवढासा झाला.

"मी थांबलो असतो गं," तो म्हणाला. "तू सांगितलं असतंस, तर थांबलो असतो."

तो नदीकडे धावला.