गालावरचं रक्त

त्या रविवारी सकाळी हुडकेश्वरच्या आपल्या घरात वंदनाबाई पाट्यावर राई वाटत होत्या. हा लेप गुडघेदुखीवर लावतात, पण घरात कोणाचा गुडघा दुखत नव्हता. लेप लावायचा होता तो रितिकाच्या, त्यांच्या मुलीच्या, गालांना. बारा वाजता तिला पाहायला पाहुणे येणार होते.

रितिका तेवीस वर्षांची. सहा महिन्यांपासून जिना चढताना तिला धाप लागे. पंधरा दिवसांपूर्वी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन सहा निघालं. डॉक्टरांनी लगेच भरती व्हायला सांगितलं. वडील चंपतराव म्हणाले, "दवाखान्याचं नाव निघालं का सोयरीक तुटते. आधी पाहुणे येऊन जाऊ दे."

राईनं मनासारखी लाली येईना. मग पाहुण्यांसाठी मुद्दाम आलेल्या मायाआत्यानं, चंपतरावांच्या बहिणीनं, पर्समधून गुडघेदुखीच्या मलमाची ट्यूब काढली. "याच्यात मिरचीचा अर्क आहे. माहे गुडघे कसे लालबुंद होते!"

"आत्या, आग होऊन राहिली वं!"

"जरा सहन कर. पोरीच्या तोंडावर रगत दिसाले पाहिजे."

वंदनाबाई पाहत राहिल्या.

पाहुणे आले. मुलाच्या आईनं रितिकाची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. "गाल तर मस्त आहेत वं!" म्हणत तिनं गालावरून बोट फिरवलं. कातडी सुजली होती, एका जागी फोड फुटून पाणी येत होतं. बोटाला चिकट लागलं तसा तिनं हात झटकला. "हे काय लावलं?"

"गुडघ्याचं मलम," रितिका म्हणाली. चंपतरावांनी डोळे वटारले, तरी ती थांबली नाही. "माझ्या अंगात रगत नाही, काकू. डॉक्टरनं भरती व्हाले सांगितलं होतं. यांनी मले रंगवून बसवलं."

ती उठायला गेली आणि तिथंच कोसळली.

"बिमार पोरगी गळ्यात मारून राहिले होते!" पाहुणीनं रुमालानं बोट पुसलं. पडलेल्या रितिकाला ओलांडून मंडळी निघून गेली. वंदनाबाईंनी शेजाऱ्याची गाडी बोलावली.

दवाखान्यात रक्त चढवायचं ठरलं. चंपतरावांनी डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला, "गालावर डाग तर नाही राहणार ना जी?"

डॉक्टरांनी रक्तपेढीची चिठ्ठी त्यांच्या हातात ठेवली.

रक्तपेढीत वंदनाबाईंनी स्वतःहून हात पुढे केला. परिचारिकेनं बोटातून थेंब काढून तपासला आणि मान हलवली. "बाई, तुमचंच आठ आहे. तुमचं रक्त कसं घेऊ?"

वंदनाबाई नवऱ्याकडे वळल्या. पंचवीस वर्षांच्या संसारात त्यांनी चंपतरावांना कधी हुकूम केला नव्हता.

"बाही वर करा," त्या म्हणाल्या.