सत्तेचाळीस नंबर

प्रयोगशाळेत तिला सगळे चिवट म्हणत, आणि ते कौतुकच होतं. एका हट्टी एन्झाइमला गप्प बसवणारा छोटासा रेणू शोधण्यात नऊ वर्षं घालवणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार? तो एन्झाइम नको तेवढा चालला, की माणसाचे स्नायू एकेक करून संपावर जातात. आधी बोटं, मग पाय, मग जीभ. तिच्या दादाचं दुखणं जिभेपर्यंत आलं होतं.

सत्तेचाळीस नंबरच्या रेणूने एन्झाइम पार थंड केला, तेव्हा तिने आकडे तीनदा तपासले आणि दादाला मेसेज टाकला, ‘सापडलं.’ एवढी घाई तिने जन्मात केली नव्हती. मग तीन महिने त्याच रेणूत थोडेथोडे फरक करून त्याची बारा भावंडं बनवली. सगळी गुणी निघाली, एकही नापास नाही. खरं तर तिथेच शंका यायला हवी होती.

शंका आली ती शेजारच्या टेबलावरच्या काकांना. ते जीवरसायनशास्त्रातलं जुनं खोड.

"डिटर्जंट घातलं होतंस ना?"

"नाही. बुडबुडे येतात, रीडिंग बिघडतं. म्हणून या वेळी..."

काकांनी मिश्रणात थेंबभर डिटर्जंट टाकून यंत्र पुन्हा लावलं. एन्झाइम मजेत चालू होता. औषधाने एन्झाइमच्या ज्या खाचेत बसून त्याला अडवायचं, तिथे सत्तेचाळीस नंबर कधी बसलाच नव्हता. पाण्यात त्याच्या गुठळ्या होत होत्या आणि एन्झाइम त्यांना नुसता चिकटून पडत होता; डिटर्जंटने गुठळ्या फुटल्या, की तो मोकळा. हे नव्याने आलेल्यांना पहिल्याच आठवड्यात ती स्वतः शिकवायची.

"होतं असं," काका म्हणाले.

"माझ्या हातून होत नाही," ती म्हणाली, आणि बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडली.

रविवारी ती दादाकडे गेली. तो खिडकीशी खुर्चीत होता. काही न लपवता तिने सगळं सांगितलं. तो काहीतरी म्हणाला, तिला कळलं नाही. पुन्हा म्हणाला, तरी कळलं नाही. शेवटी वहिनीने सांगितलं, "ते विचारतायत, अठ्ठेचाळीस कधी?"

हसायला हवं होतं. तिला जमलं नाही.

स्वयंपाकघरात चहा गाळताना वहिनी म्हणाली, "बोलायचं यंत्र घेतोय. त्यांच्याच आवाजात बोलतं, पण आधीचा स्वच्छ आवाज लागतो. तीन महिन्यांपूर्वी रेकॉर्डिंगची वेळ घेतली होती मी. यांनीच रद्द केली. म्हणाले, आता कशाला, चिमीने औषध शोधलंय." तिने गाळणं खाली ठेवलं. "तुला बोल लावत नाहीये मी. तुझ्याकडे आहे का कुठे त्यांचा आवाज? मिनिटभराचाही चालतो म्हणाले ते यंत्रवाले."

होता. ‘सापडलं’ला दादाने आवाजातच उत्तर पाठवलं होतं. जीभ तेव्हा जराशीच जड होती. तिने फोन ओट्यावर ठेवून लावला.

"चिमे, मला माहीत होतं गं. तू लहानपणापासून हट्टी. आता मी शंभर वर्षं बोलणार बघ, तुमचे कान किटतील. तुझ्या वहिनीला आत्ताच सांगतो, ती रडेल आधी, मग ओरडेल माझ्यावर..."

वहिनीने पदराने डोळे पुसले. "हाच पाठव," ती म्हणाली.

तिने पाठवला. आता दादा पाणी मागेल, कूस बदलून दे म्हणेल, दुखतंय म्हणेल, ते सगळं याच आनंदाच्या आवाजात.