चोर घरातच

सून खुणांच्या भाषेची दुभाषी. डॉक्टर बोलतात ते कर्णबधिर माणसाला हातांनी सांगायचं आणि त्याचं म्हणणं डॉक्टरांना तोंडी सांगायचं, हे तिचं काम. ते ती घरूनच, व्हिडिओ कॉलवर करायची. पण आठवडाभर इंटरनेट रडतखडत चाललं होतं. काल तर समोरच्याचे हात मध्येच गोठले आणि त्याला दुखतंय की दुखत नाही, हेच कळेना. आज अकरा वाजता एका शिंपीणबाईंना गळ्यातल्या गाठीचा रिपोर्ट सांगायचा होता. तिथे असं झालं तर?

राउटर बंद-चालू करून ती थकली. कंपनीचा फोन नुसता वाजत राहिला.

सासरे सगळी हयात टेलिफोनचे लाइनमन होते. दारातूनच म्हणाले, "अगं, बिघाड भिंतीच्या बाहेर आहे की आत, ते आधी ठरव. खांबावर चढण्याआधी आम्ही तेच बघायचो."

"बाबा, आता सगळं बिनतारी आहे."

"त्या डब्यात तर तारच आलीये ना?"

तिने वायफाय बंद केलं, लॅपटॉप वायरने थेट राउटरला जोडला आणि वेग तपासला. आकडा भराभर चढला.

"बाहेरची लाइन ठणठणीत आहे," सासरे खुशीत आले. "चोर घरातच आहे. आता एकेकाला आत घे."

वायफाय सुरू करून तिने फोन जोडला, मग टीव्ही, मग नवऱ्याचा लॅपटॉप. वेग हलला नाही. शेवटी सासऱ्यांचा टॅब जोडला, आणि वेग धाडकन खाली आला. बाल्कनीतल्या कुंडीत एका पक्षिणीने घरटं केलं होतं. सासरे रोज तासन्‌तास तिचं चित्रीकरण करत, आणि ते दोनशे चौदा व्हिडिओ टॅब आपोआप इंटरनेटवर चढवत बसला होता.

सासऱ्यांचा चेहरा पडला. "म्हणजे तुझ्या कामात मीच खोडा घातला?"

"घातलात तुम्ही, पण काढलातही तुम्हीच," ती हसली आणि तिने चढवणं थांबवलं. अकराला दहा कमी होते.

शिंपीणबाई पडद्यावर आल्या, स्वच्छ, खांद्यावर मोजपट्टीसकट. डॉक्टर म्हणाले, "गाठ साधी आहे. कॅन्सर नाही."

तिने हातांनी सांगितलं. बाईंनी खूण केली, पुन्हा सांगा. तिने पुन्हा सांगितलं, सावकाश. बाईंनी दोन्ही तळव्यांत तोंड लपवलं, आणि मग त्यांचे हात इतके भरभर चालू लागले की डॉक्टरांनी विचारलं, "काय म्हणतायत?"

"म्हणतायत, पंधरा दिवस मशीनवर बसवलं नाही. आता उठून आधी तेच करणार."

ती बाहेर आली, तर सासरे पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालत होते. पेशंटचं काय झालं ते घरात विचारायचं नाही, हे त्यांना माहीत होतं. "हात दिसले का गं नीट?" एवढंच विचारलं.

"बोटन्‌बोट दिसलं, बाबा," ती म्हणाली आणि खुर्चीत सैलावून बसली.